सातवा नियम

३ फेब्रुवारी

निवृत्त माणसाने जुन्या कचेरीत पाऊल टाकू नये, असं मी चार वर्षं लोकांना सांगत आले. आणि आज सकाळी साडेनऊला मीच केंद्राच्या दारात उभी होते, नवे बूट चावत होते. शिपायाने ओळखलं, हातातली पिशवी काढून घेतली. म्हणाला, तुमची खुर्ची मी तीन वर्षं कुणाला वापरू दिली नाही, चौथ्या वर्षी नवे ग्रंथपाल आले, त्यांची पाठ दुखते, मग माझा नाइलाज झाला.

बोलावणं सेकंदरावाचं होतं. आता तो संचालक आहे, दारावर पितळी पाटी आहे, पण माझ्या तोंडात तेच नाव येतं. बावीस वर्षांपूर्वी तो विद्यार्थी म्हणून माझ्या हाताखाली आला. स्टॉपवॉच धरायला मी त्याला शिकवलं. महिन्याभरात तो असा तयार झाला की रस्ता ओलांडणाऱ्याकडे नुसतं बघून ‘साडेअकरा’ म्हणायचा आणि घड्याळात साडेअकराच निघायचे. तेव्हापासून सेकंदराव. एकदा तापाने फणफणलेला असताना मोजणीला आला होता, तेव्हा मी त्याला माझी लोकरी टोपी घातली होती, गुलाबी. दिवसभर ती घालून उभा राहिला. असा मुलगा.

आमचं केंद्र विद्यापीठाचं, पण चालतं परिवहन खात्याच्या अनुदानावर. खात्याने विचारलंय की रस्ता ओलांडणाऱ्यांना हिरवा दिवा किती सेकंद द्यावा. सध्या सोळा सेकंद आहे. आम्ही जो आकडा देऊ तो शहरातल्या सगळ्या सिग्नलना लागणार. म्हाताऱ्या माणसांची चाल विशेष बघायची आहे. सेकंदराव म्हणाला, "ते काम तुमचंच, मॅडम. दुसऱ्या कुणाला तेवढा धीर नाही." केंद्राचं पाच वर्षांचं अनुदान जूनमध्ये संपतंय, ते पुढे मिळेल की नाही हेही याच अहवालावर ठरेल, असं तो मला दारापर्यंत सोडताना सहज म्हणाला.

मला ‘मानद सल्लागार’ म्हणणार आहेत. घरी येऊन ताईला सांगितलं. तिने विचारलं, मानद म्हणजे फुकट ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग सल्ला ऐकणार नाहीत.

११ फेब्रुवारी

मोजणी सुरू झाली. सार्वजनिक वाचनालयासमोरचं क्रॉसिंग निवडलंय. रस्ता पंधरा मीटर रुंद. सोबत विद्यापीठातल्या दोन मुली, एक या कडेला, एक त्या. तक्त्यात नोंदीचा क्रमांक, अंदाजे वय, सेकंद आणि शेवटी शेरा. मधे थांबला तर टिंब. मागे फिरला तर बाण. काठी किंवा कुणाचा हात असेल तर फुली. या खुणा माझ्या. बावीस वर्षांपूर्वी मी मोजणीची पुस्तिका लिहिली, चौदा नियमांची, तिच्यात त्या आहेत. मुलींनी ती पाठ केली आहे हे ऐकून मला उगाच लाजल्यासारखं झालं.

त्यातला सातवा नियम मात्र या वेळी नको. ‘शेऱ्यात खूण असलेली नोंद हिशेबात धरू नये.’ तो मी केला तेव्हा त्याला कारण होतं. लोक रस्त्याच्या मधोमध थांबून बुटाची नाडी बांधायचे, कुणी भेटलं की गप्पा मारायचे, विसरलेली छत्री आणायला परत फिरायचे, आणि त्या मूठभर नोंदींनी सगळा आकडा बिघडायचा. या वेळी मोजायचंय तेच थांबणाऱ्यांना, काठी धरणाऱ्यांना. सातवा नियम लावला तर एकही म्हातारा उरणार नाही.

दुपारी सेकंदरावाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, हे तर उघडच आहे, मॅडम. मी विचारलं, लिहून घेतलंस का? त्याने कपाळाला बोट लावलं आणि हसला. इथे लिहिलंय म्हणाला. हसला की अजून तसाच दिसतो.

२५ फेब्रुवारी

आज आमच्या तक्त्यात ताई आली.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती वाचनालयात जाते. तिथे तिचे चार सोबती आहेत, वर्तमानपत्रं वाचतात आणि त्यावरून भांडतात. ताई शहात्तर वर्षांची, खुब्याचं हाड बसवलेलं, हातात काठी. मी समोरच्या कडेला घड्याळ घेऊन उभी होते. तिला हात केला नाही, तिनेही ओळख दाखवली नाही. असं नाटक आम्हाला शाळेपासून जमतं.

कॉन्व्हेंटच्या मैदानावर शंभर मीटरला ताई दर वर्षी पहिली यायची. शिट्टी सिस्टरांकडे असायची आणि मी रेषेशी तिचे बूट छातीशी धरून उभी असायची, मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजत. माझं पहिलं मोजणं ते. आज तीच ताई पंधरा मीटरला निघाली. नवव्या सेकंदाला मधल्या पट्टीजवळ थांबली, दम घेतला. सोळाव्याला दिवा लाल झाला. एका मोटारवाल्याने हॉर्नवरून हात काढलाच नाही. ताईने त्याच्याकडे बघितलं, काठी जरा उचलली, आणि आपल्या चालीने पलीकडे आली. नोंद क्रमांक सहाशे अकरा. टिंब आणि फुली.

"किती?" तिने विचारलं.

"तेवीस."

"म्हणजे सात सेकंद मी कायद्याबाहेर होते," ती म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली.

संध्याकाळी सेकंदरावाला फोनवर हे सांगितलं. तो खूप हसला. मग म्हणाला, ताईंचा नंबर लक्षात ठेवा, अहवाल छापला की त्यांना दाखवू.

८ मार्च

मोजणी संपली. एक हजार दोनशे चाळीस नोंदी. पाय सुजलेत, पण अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

केंद्रात आकड्यांचं काम बघणारी एक मुलगी आहे, अबोल, तिला सगळे गणितीण म्हणतात. तिने दोन दिवसांत सगळं संगणकावर चढवलं. शंभरातले पंच्याऐंशी जण न धावता पलीकडे पोचावेत, तर एकवीस सेकंद लागतात. मी तिला तीनदा करून बघायला लावलं. तिन्ही वेळा एकवीस.

सेकंदरावाला आकडा सांगितला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. "एकवीस," एवढंच म्हणाला. नंतर ताईच्या खुब्याची चौकशी केली, कुठला डॉक्टर, व्यायाम करते का, सगळं. एवढ्या कामात त्याला ते आठवलं.

१९ मार्च

खात्याचे दोन अधिकारी आले होते. सेकंदरावाने माझी ओळख ‘या केंद्राची आई’ अशी करून दिली.  चहा झाल्यावर तो हळूच म्हणाला, मॅडम, मुलींना जुन्या नोंदवह्या दाखवाल का, पुन्हा कधी योग येणार? म्हणून मी बैठकीला बसले नाही, वर ग्रंथालयात गेले. मुलींना फारशी गोडी दिसली नाही, पण मी तासभर रमले.

खाली आले तर अधिकारी जिन्यात निघालेच होते. एक जण म्हणत होता, तेराच्या वर गेलात तर बसचं सगळं वेळापत्रक कोलमडतं, मग आम्ही वर काय तोंड दाखवायचं? सेकंदराव नुसती मान हलवत होता. तो असाच आहे, समोरच्याचं सगळं ऐकून घेतो आणि मग आपलं खरं करतो. तेरा! त्यांना आमचे आकडे दिसले की आपोआप गप्प बसतील.

जाताना गणितीणीने मला व्हरांड्यात गाठलं. विचारलं, खुणा असलेल्या नोंदी वेगळ्या फायलीत ठेवायला सांगितल्यात, ठेवू ना? मी म्हटलं, ठेव की, त्याच तर मोलाच्या आहेत, नीट जपून ठेव. ती तिथेच उभी राहिली. काही बोलायचं असावं असं वाटलं. चेहरा उतरलेला होता. वेळेवर जेवत जा, असं तिला सांगितलं.

२७ मार्च

आज मी सही केली. अहवालातल्या ‘मोजणीची पद्धत’ या पानावर.

सेकंदराव स्वतः घरी आला होता. ताईच्या हातचा चहा मागून घेतला. म्हणाला, मॅडम, पद्धत म्हणून आम्ही वेगळं काही लिहिलं नाही, तुमची पुस्तिकाच जशीच्या तशी जोडली आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. चौदाही नियम, पहिल्या पानावर माझं नाव, खाली सहीला जागा. बावीस वर्षांपूर्वी मी ती पुस्तिका टंकलेखन यंत्रावर लिहिली तेव्हा कार्बन कागद लावून तीनच प्रती निघाल्या होत्या. आज ती सरकारी अहवालात. डोळ्यांत पाणी आलं, अक्षरं नीट दिसेनात. पेन त्याने दिलं. सिस्टर म्हणायच्या तशी, शेवटच्या अक्षराची शेपटी ओळीबाहेर जाऊ न देता, सही केली.

तो गेल्यावर ताईने विचारलं, वाचलंस का? मी म्हटलं, अगं, माझंच लिहिलेलं मी काय वाचू?

४ एप्रिल

केंद्र माझा सत्कार करणार आहे! सतरा तारखेला, मंत्रालयाची पाहणी समिती येणार त्याच दिवशी, सभागृहात. सेकंदराव म्हणाला, समितीच्या लोकांनाही कळू दे हे केंद्र कुणाच्या खांद्यावर उभं आहे. मी नको नको म्हटलं, मनातून हवंच होतं. हे इथे कबूल करायला हरकत नाही.

ताई म्हणाली, निवृत्त झालीस तेव्हा एक भिंतीवरचं घड्याळ देऊन वाटेला लावलं होतं, आता चार वर्षांनी कसला उमाळा आलाय? ताईचं मन संशयी आहे. तिचं आयुष्य तसं गेलं, मी तिला दोष देत नाही. पण सगळेच लोक काही भावजींसारखे फसवे नसतात.

१० एप्रिल

सकाळी शिपाई छापील अहवाल घेऊन आला. निळं कव्हर. आत माझं नाव दोनदा.

ताई अंघोळीला गेली होती. बाहेर आली की तिला तिची ओळ दाखवावी म्हणून मी शेवटचं परिशिष्ट उघडलं, जिथे सगळ्या नोंदी असतात. सहाशे नऊ. सहाशे दहा. सहाशे बारा.

वाटलं, छापताना ओळ गळली. मग बघितलं, सहाशे बारानंतर सहाशे सतरा होतं. मग सहाशे अठरा, मग एकदम सव्वीस. पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचलं. एकही टिंब नाही, एकही बाण नाही, फुली नाही. शेऱ्याचा सगळा रकाना कोरा. एक हजार दोनशे चाळीसपैकी आठशे एकोणपन्नास उरल्या आहेत. तळटीप आहे: ‘पद्धतीतील नियम सातनुसार.’

सुचवलेला आकडा तेरा सेकंद. आहेत त्या सोळाचेसुद्धा तेरा.

ताई केस पुसत आली आणि म्हणाली, आहे का मी? मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवर होता.

११ एप्रिल

गेले. सेकंदरावाने दार लावून घेतलं, खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. सातवा नियम लावायचा नाही हे मी त्याला सांगितलं होतं, असं म्हटलं. त्याने विचारलं, कुठे? मी म्हटलं, इथेच, या खोलीत, अकरा फेब्रुवारीला. तो म्हणाला, तसं कागदावर कुठे नाही, मॅडम. जे आहे ते तुमच्या सहीचं आहे. मी एक शब्द बदलला नाही.

मग त्याचा आवाज खाली आला. खात्याने तेराच सांगितलं होतं. एकवीस दिलं असतं तर जूनमध्ये केंद्राला कुलूप लागलं असतं. एकोणीस माणसं आहेत. शिपायाची मुलगी यंदा कॉलेजात जाते. दुसरा कुठला मार्ग असता तर त्याने काढला असता. हे सगळं तो माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या काचेकडे बघत बोलला.

मी विचारलं, "मला का बोलावलंस? आकडा ठरलेलाच होता तर मोजायला का लावलंस?"

"तुमच्या नावावर कुणी शंका घेत नाही म्हणून," तो म्हणाला. निदान हे तरी खरं बोलला.

मी दारापर्यंत गेले आणि मग त्याने ते म्हटलं. "बावीस वर्षं आपण हाच नियम लावून आकडे देत आलो, मॅडम. तेव्हा तुम्हाला कधी काही वाटलं नाही. या वेळी तुमची बहीण त्यात आहे, एवढंच."

घरी कशी आले आठवत नाही. बस सोडून चालत आले असावे, कारण बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या आहेत.

१२ एप्रिल

काही लिहायचं नाही.

१४ एप्रिल

आज ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगत नव्हते? ती तसं काही म्हणाली नाही. टाचांना मलम लावून दिलं. मग म्हणाली, त्याला गुलाबी टोपी घालून उभा केलास ना, त्याचा सूड असेल. मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

त्याने मला फसवलं याचं दुःख आहेच. पण दोन दिवस दुसरंच काहीतरी आत टोचतंय. कपाटातून सगळे जुने अहवाल काढले. अकरा अहवाल, अकराही माझ्या हातचे. प्रत्येकात नियम सात. पहिल्या वर्षी नाडी बांधणारे आणि छत्री विसरलेले असतील. नंतरच्या नोंदवह्या मी आज डोळे उघडे ठेवून बघितल्या. अंदाजे वय सत्तर, फुली. अंदाजे वय ऐंशी, टिंब आणि फुली. पोटुशी बाई, टिंब. मुलाचा हात धरलेली आई, फुली. सगळ्यांवर माझ्या हिरव्या पेन्सिलीची बारीक, सरळ रेघ. पट्टी धरून मारलेली.

सध्याचे सोळा सेकंद कुठून आले? माझ्या सहाव्या अहवालातून. ताईवर मोटारवाला हॉर्न वाजवत राहिला, तो आकडा माझा होता.

सेकंदराव जे बोलला ते मला दुखवायला बोलला. पण चूक बोलला नाही.

१७ एप्रिल, दुपारी

ताई म्हणाली जाऊ नकोस. मी गेले. मनाशी ठरवलं होतं, समितीसमोर बोलायला मिळतंय, पुन्हा मिळणार नाही. ताईही आली, शिपायाने आणि गणितीणीने तिला धरून पायऱ्या चढवल्या. पहिल्या रांगेत समितीचे पाच जण, अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, जुने अभियंता.

संचालक माझ्याबद्दल दहा मिनिटं बोलले. इथून पुढे त्याला संचालकच लिहिणार आहे. तापातली गोष्ट सांगितली, टोपीसकट. लोक हसले, हळवे झाले. मग पुष्पगुच्छ, मग ध्वनिक्षेपक माझ्या हातात.

मी लिहून नेलेलं वाचलं. एका पानाचंच होतं. म्हटलं की या अहवालात तीनशे एक्याण्णव माणसं नाहीत. ती रस्त्यावर होती, मी त्यांना मोजलं आहे. ज्या नियमाने ती काढली तो नियम माझा आहे, तो चुकीचा आहे, आणि गेली बावीस वर्षं चुकीचा आहे. खरा आकडा एकवीस आहे. या अहवालावरची माझी सही मी मागे घेते, आणि आधीच्या अकरा अहवालांवरच्याही.

पान खाली ठेवलं. 

मग टाळ्या वाजल्या. आधी मागच्या रांगेतून, मग सगळीकडून. भाषण संपलं की वाजतात तशा. अध्यक्ष उठून पुढे आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लोकांकडे वळून म्हणाले, एवढ्या वर्षांच्या कामानंतर स्वतःच्या चुका शोधायच्या, याला खरे संशोधक म्हणतात, हा विनय आता कुठे बघायला मिळतो? पुन्हा टाळ्या. संचालकही वाजवत होते, त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. छायाचित्रकाराने मला जरा डावीकडे सरकायला सांगितलं.

फक्त दोघी वाजवत नव्हत्या. गणितीण मान खाली घालून बसली होती. आणि ताई, दोन्ही हात काठीवर ठेवून, माझ्याकडे बघत होती. रेषेपाशी मी तिच्याकडे बघायची तसं.

१८ एप्रिल

काल जे वाचलं तेच कागदावर लिहून, समितीला आणि खात्याला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. या वेळी कागदावर आहे.

६ मे

उत्तर आलं. खात्याकडून नाही, केंद्राकडून. ‘आपल्या मौलिक सूचनांची नोंद घेण्यात आली आहे. पद्धतीस आपण दि. २७ मार्च रोजी लेखी मान्यता दिली असल्याने प्रस्तुत अहवालात बदल करणे शक्य नाही. पुढील पंचवार्षिक टप्प्यात आपल्या सूचनांचा अवश्य विचार करण्यात येईल.’ खाली सही. सहीखाली शाईने, हाताने लिहिलेलं: ‘ताईंना नमस्कार.’

पाच वर्षांनी ताई एक्याऐंशीची होईल.

हाताने लिहिलेली ती ओळ खोडावी असं वाटलं. पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली. रेघा मारायचा मला आता तिटकारा आला आहे.

१४ जून

गणितीणीचा फोन आला. केंद्राला आणखी पाच वर्षं मिळाली. तिने नोकरी सोडली. कुठे जाणार ते ठरलेलं नाही. खुणा असलेल्या नोंदींची फाईल संचालकांनी पुसायला सांगितली होती, तिने एक प्रत आपल्याजवळ ठेवली आहे, ती मला पाठवते म्हणाली. मग म्हणाली, मॅडम, त्या दिवशी व्हरांड्यात मी सांगणार होते. मी म्हटलं, मी तुला जेवायला सांगितलं. 

वाचनालयासमोर आता तेरा सेकंद आहेत. बाजूला नवीन आकड्यांचा दिवा बसवलाय, उलटा मोजतो. तेरा, बारा, अकरा.

२८ जून

दोन आठवडे झाले, ताई वाचनालयात निघते आणि वीस मिनिटांत परत येते. बंद आहे म्हणते. कधी रंगकाम चाललंय, कधी कर्मचारी रजेवर. मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवायची मला सवय आहे.

आज भाजी घेऊन तिथूनच आले. वाचनालय सताड उघडं. आत तिचे चौघे सोबती एका पेपरवर वाद घालताना दिसले, पाचवी खुर्ची रिकामी.

मी अलीकडच्या फुटपाथवर पिशवी ठेवून उभी राहिले. एक म्हातारे गृहस्थ कडेला आले. दिवा हिरवा झाला. त्यांनी पाय उचलला, समोरचे आकडे बघितले, पाय पुन्हा होता तिथे ठेवला. दिवा लाल झाला, हिरवा झाला. तिसऱ्या वेळी ते वळले आणि आल्या वाटेने गेले. मग एक बाई, दोन्ही हातांत कापडी पिशव्या. तिने एकदाच बघितलं आणि वळली. मी तासभर उभी होते. अकरा माणसं.

ही माझ्या कुठल्याच तक्त्यात कधी नव्हती. त्यांना खोडावंसुद्धा लागलं नाही. घड्याळ सुरू व्हायला माणूस आधी रस्त्यावर उतरावा लागतो. जो कडेवरूनच परत गेला तो माझ्या लेखी घरातून निघालाच नव्हता. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते, कधी कुणाला धक्काही लागला असेल, आणि मी समोर बघत होते.

भाजीच्या कागदावर अकरा खुणा केल्या. तो कागद घेऊन घरी आले.

ताई खिडकीशी बसून परवाचा पेपर वाचत होती. वाचनालय उघडं आहे असं मी तिला सांगितलं नाही. समोर बसले आणि विचारलं, "ताई, आज कडेवरून किती वेळा फिरलीस?"

तिने पेपर खाली घेतला नाही. पेपराच्या आडूनच म्हणाली, "चार. लिहून घे."